मधे तीन मीटर

प्रश्न पहिला. गेल्या बारा महिन्यांत जनावर विकत आणलं का?
ईडिथ ॲलनबी किटली खाली ठेवते.
एकच. ऑक्टोबरात, कर्बी स्टीफनच्या बाजारातून.
गाभण होती, स्वस्तात मिळाली, शांत वाटली.
मी खूण करते.
'शांत' साठी फॉर्मात चौकट नाही.

आणल्यावर वेगळी बांधली का? किती दिवस?
ती खिडकीबाहेर बघते. पाऊस आडवा चाललाय,
डोंगराच्या अंगावर काळ्या गाई,
पोटाला पांढरं उपरणं गुंडाळल्यासारख्या.
वेगळा गोठा होता, म्हणते. वादळात छप्पर गेलं.
मी लिहिते: शून्य.

शेजारच्या कळपाशी नाकाला नाक लागतं का?
इथे ती हसते.
भिंत आहे, चुन्याशिवाय रचलेली, आजेसासऱ्याच्या हातची,
एका जागी ढासळलेली.
तिथे रेस्ट्रिक येऊन उभा राहतो, सकाळी साडेसातला,
बायको गेल्यापासून रोज.
अख्ख्या दिवसात तेवढंच बोलतो.
"तिथले दगड मी मुद्दाम रचले नाहीत."
माणसं बोलत असली की गाईही जमतात,
त्यांचंही काही देणंघेणं चालतं भिंतीवरून,
ओलं, उबदार, श्वासाएवढं.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या,
वाण नाही पण गुण लागला.
मी तिला हे इंग्रजीत सांगून पाहते
आणि 'गुण' पाशी अडखळते.
औषध लागू पडलं तरी आम्ही गुण आला म्हणतो,
आणि हे, भिंतीवरून आलेलं, हेही गुणच.
ती मान हलवते. साखर पुढे करते.

वासरू मागे आहे.
त्याच्या कानाचा तुकडा दोनदा घेतला, तीन आठवडे मधे सोडून.
दोन्ही वेळा होय.
आई साफ. तिला येऊन गेलं असणार,
दोन-चार दिवस नाक वाहिलं असेल, कुणी पाहिलंही नसेल.
पण पोटातल्याला तेव्हा अजून
आपलं कोण, परकं कोण, हे ठरवता येत नव्हतं.
जो आला त्याला त्यानं घरचाच मानला.
आता जन्मभर सांडत राहणार,
लाळेतून, शेणातून, बादलीच्या काठावरून,
दुसऱ्या गाभण पोटांपर्यंत.

वयाच्या मानानं लहानच आहे.
माझं बोट चोखतं, जीभ कानशीसारखी.
"त्याला त्रास होत असेल?"
त्याला माहीतच नाही, मी म्हणते,
आणि हे उत्तर नव्हे हे आम्हा दोघींना कळतं.

बाहेरचं कोण कोण येतं?
दुधाची गाडी. खूर कापणारा. रेतनवाला. डॉक्टर.
मंगळवारपासून मी नऊ गोठे फिरलेय.
ती माझ्या बुटांकडे बघते, मग मीही.
स्वतःपुढे खूण करते.

शिफारशी छापीलच असतात:
वासरू काढा. वर्षभर जन्मणाऱ्या प्रत्येकाचा कान तपासा. लस टोचा.
हद्दीवर दुहेरी कुंपण, मधे तीन मीटर.
ईडिथ दोन्ही हात पसरते, पुरत नाहीत,
एक पाऊल मागे सरते.
"त्याला कमी ऐकू येतं," म्हणते.
"डाव्या कानानं तर काहीच नाही."

दाराशी बादली. मी बूट घासते,
तळव्याच्या खाचा, टाचेमागची शिवण,
पाणी तपकिरी होतं, दुसरं घेते, तेही होतं.
वासराचे शेवटचे चार आकडे लिहून देते.
शुक्रवारी गाडी येईल.
ती आकडे वाचत नाही, कागदाची घडी घालते.

भिंतीपलीकडचं शेत. पण रस्ता वळसा घेतो, दोन मैल.
रेस्ट्रिक फाटकात उभाच आहे, टोपी न काढता,
उजवा कान पुढे करून.
"ईडिथ बरी आहे ना?"
बूट पुन्हा बुडवते.
बरी आहे, मी म्हणते, मोठ्यानं,
आणि फॉर्म उघडते. गेल्या बारा महिन्यांत